भारीतली आर्चटॉप जॅझ गिटार शोधायची कशी आणि घ्यायची कशी

आर्चटॉप, म्हणजे पुढचा भाग (टॉप) व्हायोलिनसारखा फुगीर असलेली गिटार, घ्यायची म्हटलं की बहुतेक जण नावापासून सुरुवात करतात, गिब्सनची एल-५ घेऊ का, बेनेडेट्टो घेऊ, का जुनी डी'अँजेलिको परवडते का बघू, आणि मग कित्येक महिने नुसते फोटो बघण्यात जातात. माझं म्हणणं असं की नाव शेवटी येऊ द्या. पहिला प्रश्न एकच, ही गिटार वाजणार कुठे? घरात एकट्याने कॉर्ड मेलडी (चाल आणि कॉर्ड एकत्र) वाजवणार, का बेसवाल्याबरोबर किंवा गाणारीबरोबर दोघांत वाजवणार, का ड्रमर आणि सॅक्सोफोन असलेल्या बँडमध्ये अँप (आवाज मोठा करणारं यंत्र) लावून? याचं उत्तर खरंखरं दिलंत ना की अर्धी दुकानं आपोआप गळतात आणि पैसेही वाचतात.

का ते सांगतो, कारण ही गिटार मुळात बनली कशासाठी ते कळल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. १९२२ मध्ये मिशिगनमधल्या कॅलामझूला गिब्सनच्या कारखान्यात लॉइड लोअरच्या देखरेखीखाली एल-५ आली, व्हायोलिनसारखे एफ-होल (इंग्रजी f च्या आकाराची भोकं), जाड स्प्रूसच्या लाकडातून कोरून काढलेला फुगीर टॉप, मागे मेपल, आणि ब्रिज (तारा ज्यावरून जातात तो टेकू) चिकटवलेला नाही, नुसता तारांच्या दाबावर उभा. तेव्हा अँप नव्हते, बँडमध्ये गिटार ऐकू यायची तर लाकडानेच आवाज फेकायचा, म्हणून पुढे बॉडी मोठी मोठी होत गेली, १९३४ मध्ये सुपर ४०० आली ती १८ इंच रुंद (किंमत ४०० डॉलर, नाव त्यावरूनच), आणि बॉस्टनच्या स्ट्रॉमबर्गने तर १९ इंचापर्यंत नेलं. काउंट बेसीच्या बँडमधला फ्रेडी ग्रीन आयुष्यभर अँपशिवाय रिदम वाजवत राहिला, तारा चांगल्या उंच ठेवून, आणि स्ट्रॉमबर्ग हे त्याच्या नावाशी जोडलेलं वाद्य आहे.

मग पिकअप आले, तारांची थरथर पकडून अँपकडे पाठवणारे. १९३६ मध्ये गिब्सनची ईएस-१५०, ती चार्ली ख्रिश्चनने गाजवली, आणि गिटारवाले सोलो घ्यायला लागले. पण अँपचा आवाज वाढवला की कोरलेला टॉप त्या आवाजानेच थरथरायला लागतो, ते परत पिकअपमध्ये जातं आणि घुंऽऽ करून फीडबॅक सुरू होतो. यावर १९४९ मध्ये गिब्सनने ईएस-१७५ काढली, तिचा टॉप कोरलेला नाही, पातळ थर चिकटवून दाबून बनवलेला, म्हणजे लॅमिनेटेड. तो कमी थरथरतो, म्हणून फीडबॅक कमी, आणि नोट सुरू होते ती ठक्क करून गोल येते. जो पास, जिम हॉल, हर्ब एलिस, पॅट मेथेनी, सगळ्यांनी ही वाजवली आहे. म्हणून 'लॅमिनेटेड म्हणजे प्लायवूड, म्हणजे स्वस्तातला माल' असं कुणी सांगितलं तर कृपा करून ऐकू नका. ड्रमरबरोबर वाजवणाऱ्यासाठी लॅमिनेटेड हेच बरोबर उत्तर असतं, कितीही पैसे हातात असले तरी, आणि मला वाटतं या एका गैरसमजामुळे लोकांनी जितके पैसे चुकीच्या गिटारीत घातलेत तितके दुसऱ्या कशामुळे घातले नसतील.

या दोन टोकांच्या मध्ये एल-५ सीईएस बसते, १९५१ पासूनची. टॉप कोरलेला, पण त्यात दोन भोकं पाडून पिकअप बसवलेले, त्यामुळे अँपशिवाय आवाज थोडा दबतो पण अँपमध्ये जो आवाज येतो तो जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरीचा. आणि दुसरा मधला मार्ग म्हणजे फ्लोटिंग पिकअप, तो टॉपला न लावता फिंगरबोर्डच्या (तारा बोटांनी दाबायची पट्टी) टोकाला किंवा पिकगार्डला (टॉपवर ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेली पट्टी) लटकवतात, टॉप मोकळा राहतो, गिटारवादक जॉनी स्मिथवाला प्रकार. घरात आणि दोघा-तिघांत वाजवणाऱ्याला हा सगळ्यात सुंदर, पण मोठ्या आवाजात त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. एकदा या प्रकारांपैकी आपला कोणता ते ठरलं की मगच मापांकडे वळायचं.

मापं लोक फार हलक्यात घेतात. बॉडी १६, १७ किंवा १८ इंच, यातला एक इंचाचा फरक कागदावर काहीच नाही पण मांडीवर घेऊन दोन तास बसलात की उजवा खांदा सांगतो. १७ इंच म्हणजे एल-५ ची नेहमीची रुंदी, जाडी साधारण ३ ३/८ इंच. ईएस-१७५ थोडी लहान, १६ १/४. अंगाने बारीक किंवा उंचीने कमी असाल तर १६ ला अजिबात कमी समजू नका, आजकालचे बरेच चांगले कारागीर १६ इंचीच जास्त बनवतात आणि जाडीही कमी ठेवतात. स्केल लेंग्थ, म्हणजे तारेचा वाजणारा भाग, २४ ३/४, २५ किंवा २५ १/२ इंच. लांब स्केलला ताण जास्त, खालच्या (जाड) तारा खणखणीत, पण पहिल्या चार फ्रेटवर (गळ्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) लांबलांब कॉर्ड पकडायच्या असतील तर बोटं ताणली जातात. गिब्सनच्याच बर्डलँडची स्केल तर २३ १/२ च आहे, ज्यांचे हात लहान त्यांनी ती एकदा वाजवून बघाच. आणि नट, म्हणजे गळ्याच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी. रुंदी १ ११/१६ का १ ३/४ इंच ते हातात घेऊन ठरवा, पण हे नक्की लक्षात ठेवा की १९६५ पासून पुढची काही वर्षं गिब्सनने नट अरुंद करून १ ९/१६ केला होता, म्हणून ६७-६८ ची एखादी ईएस-१७५ बाकीच्यांपेक्षा स्वस्त दिसली तर हुरळून न जाता आधी नटची रुंदी विचारा. काहींना तो अरुंद गळा (नेक) आवडतो, बोटं जाड असतील तर मात्र तारा बोटाखाली गर्दी करतात.

आता बाजारात काय काय मिळतं ते. भाव वर-खाली होत असतात, मी वापरलेल्या गिटारींचा ढोबळ अंदाज सांगतोय, अमेरिकेतला. दोन-तीन हजार डॉलरमध्ये ईस्टमन, बीजिंगची कंपनी, व्हायोलिन बनवण्यापासून सुरू झालेली, आणि त्यांचे कोरलेले टॉप खरोखर हाताने कोरलेले असतात. नावाला भाव नाही पण आवाजाला आहे, पहिली कोरलेली आर्चटॉप म्हणून मी ही बिनदिक्कत सुचवेन. त्याच्या वर हेरिटेज. गिब्सनने १९८४ मध्ये कॅलामझूचा कारखाना बंद करून सगळं नॅशव्हिलला हलवलं तेव्हा जे कारागीर मागे राहिले त्यांनी १९८५ मध्ये त्याच इमारतीत, पार्सन्स स्ट्रीटवर, हेरिटेज सुरू केली, म्हणजे हात तेच, जागा तीच, फक्त हेडस्टॉकवरचं (तारा पिळायच्या खुंट्या असतात ते टोक) नाव वेगळं आणि किंमत बरीच कमी. जुनी गिल्ड, विशेषतः आर्टिस्ट अवॉर्ड, हीसुद्धा लोकांच्या नजरेतून सुटलेली चीज आहे. लॅमिनेटेडमध्ये जपानी बनावटीची इबानेझ जॉर्ज बेन्सन, १९७७ पासून येतेय, आणि सॅडोव्स्कीची जिम हॉल, या दोन्ही अशा बनवलेल्या आहेत की नवी घेतली तरी हाताळून काढावी लागत नाही, पेटीतून काढून सरळ कार्यक्रमाला न्या.

ईएस-१७५ चांगल्या अवस्थेतली चार ते सहा हजारांत दिसते, १९५० च्या दशकातली ओरिजिनल हमबकरवाली (दोन कॉइलचा पिकअप) याच्या कितीतरी वर. एल-५ सीईएस १९७० नंतरची सात-आठ हजारांपासून पुढे. मग एकेकट्या कारागिरांच्या गिटारी, ऱ्होड आयलंडचा मार्क कॅम्पेलोन, पेनसिल्व्हेनियाचा बिल कॉमिन्स, सिएटलचा स्टीव्ह अँडरसन, कॅनडाची लिंडा मॅन्झर (ही स्वतः नामवंत कारागीर जिमी डी'अक्विस्टोकडे शिकली), आणि बॉब बेनेडेट्टो ज्याची कंपनी आता जॉर्जियातल्या सव्हानाला आहे. आणि सगळ्यात वर जॉन माँटेलिओनी, डी'अक्विस्टो, आणि न्यूयॉर्कच्या केनमेअर स्ट्रीटवरचा जॉन डी'अँजेलिको. त्याने १९३२ ते १९६४ या काळात नंबर घातलेल्या फक्त १,१६४ गिटारी बनवल्या. इथे एक सावधगिरी, आज दुकानात डी'अँजेलिको नावाने जी नवी गिटार मिळते ती वेगळ्या कंपनीची, बहुतेक आशियात बनलेली, वाईट नाही पण तिचा केनमेअर स्ट्रीटशी नावापलीकडे संबंध नाही, त्यामुळे सर्च करताना दोन्ही एकत्र येतात आणि नवखा माणूस गोंधळतो.

लाकडाबद्दलही लोक फार बोलतात, एजिंग झालेलं स्प्रूस, जर्मन मेपल वगैरे. बेनेडेट्टोने एकदा मुद्दाम गाठी असलेल्या साध्या इमारतीच्या पाइन लाकडातून आर्चटॉप बनवली होती, आणि ती चांगली वाजली. म्हणजे लाकडापेक्षा कोरणारा हात मोठा. हे मनावर घ्या, कारण दुकानदार तुम्हाला मेपलवरच्या लाटा दाखवून हजार-दोन हजार सहज वाढवून सांगेल, आणि त्या लाटा डोळ्यांना छान वाटतात पण कानाला त्याचं काही नसतं.

शोधायचं कुठे? रिव्हर्बवर (वाद्यं विकायची वेबसाइट) रोज नजर ठेवा, पण विकत घेण्यासाठी नाही, भाव कळण्यासाठी. मागितलेली किंमत बघू नका, खरोखर विकल्या गेलेल्या गिटारींच्या किमती बघा, दोन्हींत खूप तफावत असते. मग एक-दोन दिवस काढून एखाद्या मोठ्या दुकानात प्रत्यक्ष जा. न्यूयॉर्कला रूडीज आणि ब्रुकलिनचं रेट्रोफ्रेट, नॅशव्हिलला ग्रून आणि कार्टर, मिशिगनला लॅन्सिंगचं एल्डर्ली. न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या मंडळींना तर पहिली दोन ट्रेनच्या अंतरावर आहेत. आधी फोन करा, सांगा की मी अमुक बजेटमध्ये अमुक प्रकारची बघतोय, भिंतीवर असतात त्याहून आत जास्त असतात आणि वेळ घेऊन आलेल्या माणसाला ते काढून देतात. पहिल्या खेपेला पैसे नेऊच नका असा माझा सल्ला आहे. आठ-दहा वेगवेगळ्या प्रकारच्या वाजवा, महागातली महाग पण आणि ईस्टमन पण, आणि कोणती कशी वाटली ते बाहेर पडल्या पडल्या फोनवर बोलून ठेवा, कारण संध्याकाळपर्यंत सगळ्यांची सरमिसळ होते. घरी वाजवता तीच पिक (तारा छेडायची चकती) बरोबर न्या. सगळ्यांवर एकच गाणं वाजवा, तेच कॉर्ड, तोच वेग.

आता खरी गोष्ट, गिटार तपासायची कशी, इथे घाई करू नका.

आधी अँप न लावता. शांत कोपरा मागून घ्या. वरच्या (बारीक) दोन तारांवर प्रत्येक फ्रेट एकेक करून १५ व्या फ्रेटपर्यंत वाजवा आणि नोट किती वेळ टिकते ते ऐका, काही गिटारींत एखादी नोट मध्येच मरते किंवा एखादी एकदम अंगावर येते, ती त्या बॉडीची सवय असते आणि सेटअपने (तारांची उंची वगैरे जुळवून) जात नाही. मग खालच्या तारांवर जोरात रिदम वाजवून बघा, जोर वाढवला तसा आवाज वाढतो का एका मर्यादेनंतर नुसता खडखडतो? चांगली कोरलेली आर्चटॉप मागाल तितकं देते. मग मित्राला वाजवायला सांगा आणि स्वतः खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहा, कारण आर्चटॉपचा आवाज समोर जातो, वाजवणाऱ्याला तो कमीच ऐकू येतो, आणि कित्येकदा मांडीवर किरकिरी वाटलेली गिटार दहा फुटांवरून सगळ्यात गोड निघते.

मग अंगाची तपासणी. माठ घेताना टिचकी मारतो तशी बोटाच्या पेराने टॉपवर आणि मागे हळूहळू सगळीकडे टकटक करा, आतला ब्रेस (टॉपला आतून आधार देणारी लाकडी पट्टी) सुटला असेल तर तिथे फडफड ऐकू येते. ब्रेस परत चिकटवता येतो, पण एफ-होलमधूनच हात घालून करावा लागतो म्हणून चांगला माणूस त्याचे पैसे बऱ्यापैकी घेतो. एफ-होलमधून छोटा आरसा आणि टॉर्च घालून आत बघा, किंवा फोनला लावायचा बारीक कॅमेरा मिळतो तो. कुठे गोंदाचे ओघळ, कुठे नवीन लाकडाची पट्टी, ते सगळं दिसतं. बाहेरून एफ-होलच्या टोकांपासून निघणाऱ्या चिरा, पिकगार्डच्या खालची जागा, जॅकजवळची कड, ही तीन ठिकाणं हमखास बघा. चीर नीट दुरुस्त केलेली असेल तर घाबरू नका, ऐंशी वर्षं जुन्या लाकडाला एखादी चीर असणारच, फक्त किंमत त्याप्रमाणे हवी.

ब्रिजकडे बघा. त्याचे दोन्ही पाय टॉपला पूर्ण टेकलेत का, पातळ कागद खाली सरकतो का? सरकत असेल तर आवाज अर्धाच टॉपमध्ये जातोय, पण हे शंभर-दोनशे डॉलरमध्ये बसवून मिळतं. जास्त महत्त्वाचं म्हणजे ब्रिजची चाकं कुठे आहेत. ब्रिज पार खाली केलेला आहे आणि तरी तारा उंच आहेत, तर गळ्याचा कोन बिघडलाय, नेक रिसेट, म्हणजे गळा सोडवून परत बसवणं, लागेल, आणि ते मोठं काम आहे. उलट ब्रिज स्क्रूच्या टोकापर्यंत वर चढवलाय, तर टॉप खाली बसलाय का ते बघा, बाजूने डोळा लावून पाहिलं की ब्रिजखाली फुगवटा सपाट झालेला कळतो. बसलेला टॉप असेल तर मी तरी पुढे जाणार नाही, कितीही मोठं नाव असो. अ‍ॅक्शन, म्हणजे तारांची उंची, १२ व्या फ्रेटवर जाड तारेखाली २ मिलिमीटरच्या आसपास आणि बारीक तारेखाली दीड, इतकी खाली येऊन खडखड होत नसेल तर गळा ठीक आहे. ट्रस रॉड (गळ्याचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळी) फिरतो का ते दुकानदाराला तुमच्यासमोर फिरवून दाखवायला सांगा. फ्रेट किती उरलेत बघा, नवे फ्रेट घालायचे म्हणजे काही शे डॉलर धरून चला आणि बाइंडिंग (कडेने लावलेली प्लास्टिकची पट्टी) असलेल्या गळ्याला जास्त. हेडस्टॉक, विशेषतः गिब्सनचा, तो मागे झुकलेला असतो आणि पडला की तिथेच तुटतो, नटच्या मागे अंगठा फिरवा, बारीकशी रेघ किंवा रंगात फरक वाटला तर विचारा. जोडलेला हेडस्टॉक वाजायला व्यवस्थित असतो पण किंमत तीस-चाळीस टक्क्यांनी, कधी जास्तच, पडते, म्हणजे विकायची नसेल आणि नुसती वाजवायचीच असेल तर हा सौदा तुमच्या फायद्याचा होऊ शकतो.

आणि जुन्या गिटारींत सेल्युलॉइड. पिकगार्ड आणि बाइंडिंग ज्या प्लास्टिकचं बनलेलं असतं ते काही दशकांनी स्वतःहून कुजायला लागतं, त्यातून जो वायू निघतो त्याने शेजारचं सोन्याचं पाणी दिलेलं टेलपीस (तारांची खालची टोकं अडकवायचा भाग) हिरवं पडतं, तारा गंजतात, बाजूचं चांगलं बाइंडिंगही खराब होतं. जुन्या डी'अँजेलिकोंमध्ये आणि डी'अक्विस्टोंमध्ये हे बऱ्याच वेळा दिसतं. केस उघडताच नाकात जाणारा उग्र वास आला, पिकगार्ड वाकडा किंवा भेगाळलेला दिसला, तर समजा सुरुवात झालीये. पिकगार्ड बदलता येतो (कुजका बाहेर काढून वेगळा ठेवा, त्याच केसमध्ये परत नको), पण सगळं बाइंडिंग बदलायची वेळ आली तर हजारोंचं काम.

हे सगळं झाल्यावर अँप लावा, आणि दुकानातला सगळ्यात भारी अँप नको, तुमच्या घरी आहे तसाच मागा.

गिटार खरंच त्या सालची आहे का, हे ओळखायचं थोडं शिकून घ्या, कठीण नाही. गिब्सनचे १९६० च्या दशकातले सिरियल नंबर परत परत वापरलेले आहेत, एकच नंबर दोन-तीन वेगवेगळ्या वर्षांच्या गिटारींवर निघतो, त्यामुळे फक्त नंबरवर विश्वास नको. व्हॉल्यूम-टोनच्या पॉटवर (बटणाखालचा विजेचा भाग) आत कोड छापलेला असतो, १३७ ने सुरू झाला तर सीटीएस कंपनी, पुढचे आकडे वर्ष आणि आठवडा, म्हणजे १३७६६२४ म्हणजे १९६६ चा २४ वा आठवडा, गिटार त्याच्या आधीची असूच शकत नाही, जर पॉट मूळचा असेल तर. १९७७ पासून मात्र आठ आकडी नंबर आला, त्यात पहिला आणि पाचवा आकडा जोडला की वर्ष, मधले तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. १९७० च्या आसपास नटच्या मागे गळ्यावर एक उंचवटा आला आणि १९८१ पर्यंत राहिला, तोही कालखंड सांगतो. नव्याने रंगवलेली आहे का ते अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारून बघा, जुनं लॅकर (लाकडावरचं पॉलिश) हिरवट-पिवळं चमकतं आणि नवा रंग वेगळाच दिसतो, पॅच मारलेला असेल तर डाग उठून येतो. डी'अँजेलिकोच्या बाबतीत त्याच्या दुकानाच्या वह्या शिल्लक आहेत, कोणता नंबर कोणाला विकला ते त्यात लिहिलेलं आहे, तेव्हा घेणाऱ्याने नंबर त्या नोंदीशी ताडून घेतल्याशिवाय एक डॉलरही देऊ नये.

किंमत बोलताना भांडू नका. काय काय काम करावं लागेल ते कागदावर लिहा, फ्रेट इतके, ब्रिज इतका, आणि शांतपणे सांगा की हे धरून मी इतके देऊ शकतो. चांगल्या दुकानदाराला हे आवडतं. तुमची जुनी गिटार बदल्यात देणार असाल तर कमी पैसे मिळतात, त्याच दुकानात विक्रीसाठी ठेवायला दिली तर जास्त पण वेळ लागतो. लांबून मागवत असाल तर हातात आल्यापासून २४ किंवा ४८ तास परत करायची मुदत लेखी घ्या, परतीचा खर्च कोणाचा तेही लिहून घ्या, आणि जो विकणारा ही मुदत द्यायला नाही म्हणतो त्याच्याकडून मी दहा हजारांची वस्तू घेणार नाही. फोटोही तुम्ही सांगाल तसे मागा, एफ-होलच्या टोकांचे जवळून, ब्रिजचा बाजूने, हेडस्टॉकचा मागून, आणि गळ्याचा नटकडून बॉडीकडे बघत.

नवी बनवून घ्यायची असेल तर तो रस्ता वेगळा. कारागिराची आधीची एक तरी गिटार वाजवल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. वाट काही महिने ते काही वर्षं, धीर हवा. त्याला 'मला गोड आवाज हवा' असं सांगून काही कळत नाही, तुमचं दोन-तीन मिनिटांचं वाजवणं रेकॉर्ड करून पाठवा, कोणत्या तारा वापरता, पिक का बोटं, आणि कुठे वाजवता. बाकीचं त्याच्यावर सोडा, त्याला ब्रेसिंग शिकवायला जाऊ नका. आणि हेही धरून चला की फार नाव नसलेल्या कारागिराची गिटार कितीही सुंदर असली तरी परत विकताना मोठा तोटा होतो, आणि याच कारणाने तीच गिटार वापरलेली घेणाऱ्याला सोन्यासारखी पडते.

पाठवणी. ब्रिज चिकटवलेला नसतो म्हणून सगळ्या तारा एकदम काढू द्यायच्या नाहीत, काढल्या तर ब्रिज निसटून टॉपवर आपटतो. तारा एक-दोन सूर ढिल्या करायला सांगा, टेलपीसच्या खाली आणि ब्रिजच्या मागेपुढे मऊ कापड, हेडस्टॉकच्या खाली केसमध्ये आधार. थंडीत पेटी आली की लगेच उघडायची नाही, २४ तास घरात तशीच राहू द्या, नाहीतर गार लॅकर गरम हवेत एकदम तडकतं. इन्शुरन्स पूर्ण रकमेचा. घरी आल्यावर वाद्यांचा वेगळा विमा काढा, कारण घराच्या विम्यात कार्यक्रमाला पैसे घेऊन वाजवणाऱ्याची गिटार बसेलच असं नाही. अमेरिकेत विमानात गिटार आत घेऊन जायला २०१५ पासून नियम आहे, वरच्या कप्प्यात जागा असेल तर एअरलाइनने घ्यायलाच हवी, तेव्हा आधी चढणाऱ्यांच्या रांगेचं तिकीट घ्या.

तारांचं एक सांगतो, कारण यावर आवाज फार बदलतो. कोरलेल्या टॉपला १२ नंबरपेक्षा (सगळ्यात बारीक तारेची जाडी) बारीक तार लावली तर टॉप हलतच नाही. फ्लॅटवाउंड (चपटी पट्टी गुंडाळलेली गुळगुळीत तार) हवी असेल तर थोमास्टिकची जॅझ स्विंग १२, महाग आहे पण वर्ष वर्ष टिकते. नवी गिटार आणून लगेच पिकअप बदलू नका, आधी तारा बदलून आणि सेटअप करून दोन महिने वाजवा.

शेवटी, ही गिटार पुण्या-मुंबईला किंवा गोव्याला न्यायची असेल त्यांच्यासाठी. कोरलेली आर्चटॉप ४५ ते ५० टक्के दमटपणात सुखी असते. मुंबईच्या पावसाळ्यात ८०-९० टक्के होतो, टॉप फुगतो, तारा वर येतात, आवाज मातीसारखा बसतो, आणि नोव्हेंबरात परत उतरतो. खोलीत डिह्युमिडिफायर लावून ती बंद केसमध्ये ठेवणार असाल तरच न्या, नाहीतर तिथे राहणाऱ्याने लॅमिनेटेडच घ्यावी असं माझं ठाम मत आहे, ईएस-१७५ किंवा सॅडोव्स्की, ती हे बरंच सोसते. शिवाय कोरलेल्या टॉपवर काम केलेला माणूस भारतात सहज सापडत नाही, तेव्हा फ्रेट, नट, ब्रिज सगळं निघायच्या आधी करून घ्या आणि ब्रिजच्या जागेचे फोटो मोजपट्टी लावून काढून ठेवा. कस्टम ड्युटी आणि टॅक्स किती ते गिटारीच्या किमतीवर ठरतं, बिल जवळ असू द्या आणि आधी कस्टम एजंटला विचारून तो आकडा बजेटमध्येच धरा. आणि जुन्या गिटारीचा फिंगरबोर्ड किंवा ब्रिज ब्राझिलियन रोझवूडचा असेल, १९५०-६० च्या दशकांतल्या ईएस-१७५ चा बहुतेक असतोच, तर ते लाकूड १९९२ पासून सायटीस या, संकटातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सगळ्यात कडक यादीत आहे. बाकीच्या रोझवूडच्या तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, ब्राझिलियनला नाही. अमेरिकेतून नेताना त्याचं सर्टिफिकेट यूएस फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसकडून घ्यावं लागू शकतं आणि त्याला वेळ लागतो, म्हणून गिटारीचा सौदा पक्का करायच्या आधीच विकणाऱ्याकडून लाकूड कोणतं ते लेखी घ्या, आणि कागद हातात येईपर्यंत विमानाचं तिकीट काढू नका.